राजाच्या जागी कोण?

६ नोव्हेंबर १९९९ रोजी ऑस्ट्रेलियातील मतदारांना एका प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या हाताने 'होय' किंवा 'नाही' असे लिहून द्यायचे होते. राणी आणि तिचा गव्हर्नर-जनरल यांच्या जागी संसदेने दोन-तृतीयांश बहुमताने नेमलेला राष्ट्राध्यक्ष आणून देश प्रजासत्ताक करावा काय, असा तो प्रश्न होता. तिकडे मतदान सक्तीचे आहे. घरी बसून गंमत पाहण्याची सोय नाही. मते मोजली तेव्हा शंभरांतल्या सुमारे ४५ जणांनी 'होय' लिहिले होते आणि सुमारे ५५ जणांनी 'नाही'. सहा राज्यांपैकी एकाही राज्यात 'होय'ला बहुमत मिळाले नाही. राणी जिथल्या तिथे राहिली.

आपल्याकडच्या वाचकाला याचे नवल वाटणे साहजिक आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बेटावरची एक राणी, जी जन्माने त्या देशाची नाही, जिला त्या देशाने कधी निवडले नाही, तिला नमस्कार करून निरोप देण्याची संधी चालून आली असताना लोकांनी ती का दवडली? पण खरे नवल पुढेच आहे. 'नाही' म्हणणाऱ्या त्या ५५ जणांत राजघराण्यावर जीव टाकणारे थोडेच होते. त्यांत अनेक जण पक्के प्रजासत्ताकवादी होते. राणी जावी असे त्यांना वाटत होते. तरीही त्यांनी 'नाही' लिहिले. हे कसं झालं, याचा उलगडा केला तर एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर हाती लागते. पूर्वी वसाहत असलेल्या देशाने स्वतंत्र झाल्यावर राजाचे छत्र काढून प्रजासत्ताक व्हावे की नाही, आणि व्हायचे तर कोणत्या क्रमाने, हा तो प्रश्न.

आधी ऑस्ट्रेलियाच्या घटनेकडे पाहू. सहा वसाहती एकत्र येऊन १ जानेवारी १९०१ रोजी ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले. त्याची घटना ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने मिळालेली. ६१ व्या कलमात म्हटले आहे की, राज्यकारभाराची सत्ता राणीच्या ठायी आहे आणि गव्हर्नर-जनरल तिचा प्रतिनिधी म्हणून ती वापरील. ६४ वे कलम सांगते की, मंत्री गव्हर्नर-जनरलची मर्जी असेतोवर अधिकारावर राहतील. आणि गंमत अशी की, जो माणूस प्रत्यक्षात देश चालवतो त्या पंतप्रधानाचा त्या घटनेत एकदाही उल्लेख नाही! तो असतो, निवडून येतो, सरकार चालवतो. पण हे सारे संकेताने आणि वहिवाटीने.

मराठी माणसाला ही रीत अगदीच अपरिचित नाही. पेशव्यांची वस्त्रे साताऱ्याहून यायची आणि दौलतीचा कारभार पुण्यातून चालायचा. नाव एकाचे, हुकूम दुसऱ्याचा. सारे सुरळीत चालले असते तोवर अशा व्यवस्थेतली गाठ कुणाला दिसत नाही. पेचप्रसंग आला की मगच लोक विचारू लागतात : अखेरचा शब्द कुणाचा?

ऑस्ट्रेलियावर तो प्रसंग ११ नोव्हेंबर १९७५ रोजी आला. मजूर पक्षाचे गॉफ व्हिटलॅम तेव्हा पंतप्रधान होते. प्रतिनिधिगृहात त्यांचे बहुमत होते. पण सिनेटमध्ये विरोधकांनी सरकारच्या खर्चाची मंजुरी ऑक्टोबरपासून अडवून धरली होती. तिजोरीतला पैसा संपत चालला होता. गव्हर्नर-जनरल होते सर जॉन केर. ते ऑस्ट्रेलियनच होते, आणि १९७४ साली त्यांची नेमणूक झाली होती ती खुद्द व्हिटलॅम यांच्याच शिफारशीवरून. त्या दिवशी दुपारी व्हिटलॅम केर यांच्या बंगल्यावर गेले. निम्म्या सिनेटची निवडणूक घ्यावी अशी शिफारस ते घेऊन गेले होते. परत आले ते हातात बडतर्फीचे पत्र घेऊन. विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर त्याच बंगल्यात दुसऱ्या खोलीत थांबले होते. त्यांना काळजीवाहू पंतप्रधान नेमण्यात आले.

प्रतिनिधिगृहाने त्याच दिवशी फ्रेझर यांच्यावर ६४ विरुद्ध ५४ मतांनी अविश्वास दाखवला. सभापती गॉर्डन स्कोल्स तो ठराव घेऊन केर यांच्याकडे निघाले. पण त्यांची भेट होईपर्यंत संसद बरखास्त झालेली होती. मग स्कोल्स यांनी थेट राणीला पत्र लिहिले. उत्तर आले ते थोडक्यात असे की, हा अधिकार घटनेने गव्हर्नर-जनरलला दिलेला आहे, राणीने त्यात पडणे योग्य होणार नाही. डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर यांचा पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आला, हेही सांगितले पाहिजे. लोकांनी व्हिटलॅम यांना परत आणले नाही. पण बहुमत असलेल्या पंतप्रधानाला एक नेमलेला माणूस दुपारच्या जेवणाच्या वेळेला घरी पाठवू शकतो, ही गोष्ट त्या देशाच्या मनात सलत राहिली.

पुढे २०२० साली, न्यायालयात मोठा झगडा झाल्यावर, केर आणि राजवाडा यांच्यातला पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसले की, केर यांनी आपल्या राखीव अधिकारांची चर्चा राणीच्या खाजगी चिटणिसांशी पुष्कळ केली होती. मात्र बडतर्फीची आगाऊ वर्दी त्यांनी राणीला मुद्दाम दिली नव्हती.

वाचकहो, आता या घटनेचा अर्थ नीट लावा. पुष्कळांनी तो असा लावला : पाहा, परक्या मुकुटाने आमचे सरकार पाडले, तेव्हा मुकुट काढून टाका. राग समजण्यासारखा आहे. पण ज्याने सरकार काढले तो इंग्रज नव्हता. त्याला लंडनहून हुकूम आला नव्हता. त्याने जो अधिकार वापरला तो ऑस्ट्रेलियाच्याच घटनेत, मोघम शब्दांत, पडून होता. उद्या राणीचे नाव खोडले आणि केर यांना 'राष्ट्राध्यक्ष' म्हटले, तर ते पत्र त्यांना लिहिता आले नसते काय? खुशाल आले असते. उलट वर राणी आहे एवढा तरी संकोच होता, तोही गेला असता. सारे घोडे इथेच पेंड खाते.

१९९९ च्या प्रस्तावाचे वर्म याच ठिकाणी होते. १९९१ साली प्रजासत्ताकाची चळवळ संघटित झाली. पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी ती उचलून धरली. १९९६ साली त्यांच्या जागी आलेले जॉन हॉवर्ड स्वतः राजसत्तेचे पक्षपाती. तरी दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये कॅनबेरा येथे घटना परिषद भरवली. १५२ प्रतिनिधी, त्यांतले निम्मे निवडलेले आणि निम्मे नेमलेले. परिषदेचा कौल प्रजासत्ताकाच्या बाजूने पडला. पण राष्ट्राध्यक्ष निवडायचा कसा, यावर तिथेच दोन तट पडले.

एक तट म्हणाला, संसदेने दोन-तृतीयांश बहुमताने नेमावा. म्हणजे दोन्ही मोठ्या पक्षांना मान्य असलेलाच माणूस येईल आणि तो राजकारणाबाहेर राहील. दुसरा तट म्हणाला, हे कसले प्रजासत्ताक? राणीला आम्ही निवडत नव्हतो, राष्ट्राध्यक्षालाही आम्ही निवडायचे नाही, मग बदलले काय? त्याला जनतेने थेट निवडावे. पहिल्या तटाचे त्यावर उत्तर असे : साऱ्या देशाने मते देऊन निवडलेला माणूस फिती कापत बसणार नाही. केर यांच्याजवळ होते ते अधिकार आणि शिवाय कोट्यवधींची मते त्याच्या हाती आली, तर तो पंतप्रधानाशी बरोबरीने भांडेल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. त्याचे कारण असे की, राखीव अधिकार कोणते, ते कधी वापरायचे, हे कुणीच लिहून काढले नव्हते. प्रस्तावात एवढेच होते की, गव्हर्नर-जनरलचे राखीव अधिकार राष्ट्राध्यक्ष आजवरच्या संकेतांप्रमाणे वापरील. म्हणजे १९७५ चा विंचू होता तसाच नव्या पेटीत ठेवला होता. शिवाय पंतप्रधानाला सहीच्या एका कागदाने राष्ट्राध्यक्षाला काढता येणार होते. प्रतिनिधिगृहाने ३० दिवसांत मान्यता द्यायची, पण ती मिळाली नाही तरी गेलेला राष्ट्राध्यक्ष परत येणार नव्हता. एकाने दुसऱ्याला काढावे, दुसऱ्याने पहिल्याला; ज्याचा कागद आधी पोहोचेल तो जिंकला!

राजसत्तेच्या बाजूचे लोक हुशार निघाले. त्यांनी प्रचारात राणीचे गुणगान फारसे केलेच नाही. हे राजकारण्यांचे प्रजासत्ताक आहे, यावर विश्वास ठेवू नका, एवढेच ते सांगत राहिले. आणि थेट निवडणूक मागणाऱ्या प्रजासत्ताकवाद्यांपैकी कित्येकांनी त्यांच्याच बरोबर 'नाही'चा प्रचार केला. त्या देशाची घटना बदलणे तसेही सोपे नाही. एकूण मतदारांचे बहुमत हवे आणि सहांपैकी किमान चार राज्यांतही बहुमत हवे. १९०१ पासून २०२३ पर्यंत ४५ दुरुस्त्या मतदारांपुढे ठेवल्या गेल्या. मंजूर झाल्या फक्त ८. घरात दुफळी असताना असा गड सर होत नसतो. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ निवर्तली, तिचा मुलगा चार्ल्स गादीवर आला आणि तोच आपोआप ऑस्ट्रेलियाचाही राजा झाला. मतदारांना कुणी काही विचारले नाही. विचारायची गरजच नव्हती.

हाच प्रश्न आपल्यापुढेही एकदा आला होता, हे आपण बहुधा विसरून जातो. १५ ऑगस्ट १९४७ रोजी आपण स्वतंत्र झालो, तरी कायद्याने सहावा जॉर्ज २६ जानेवारी १९५० पर्यंत आपला राजा होता. नाण्यांवर त्याचेच डोके होते. आधी माउंटबॅटन आणि मग जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर-जनरल होते. पण आपण एक शहाणपणाची गोष्ट केली. राजा जाणार हे घटना समितीने आधीच ठरवून टाकले. नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात स्वतंत्र सार्वभौम प्रजासत्ताक हा शब्द होता आणि २२ जानेवारी १९४७ ला तो ठराव मंजूर झाला. त्यानंतरचा वेळ समितीने राजाला शिव्या देण्यात घालवला नाही. राजाच्या जागी जो बसेल त्याने काय करायचे आणि काय करायचे नाही, याच्या चर्चेत घालवला.

मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी राष्ट्रपती जनतेने थेट निवडावा असा आग्रह धरला. तो मान्य झाला नाही. नेहरूंचे म्हणणे असे की, खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे ठेवायची असेल तर साऱ्या देशाकडून मते घेऊन निवडलेल्या माणसाला नुसते बसवून ठेवणे विसंगत होईल. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे, तो राष्ट्राचा प्रतिनिधी आहे, राज्यकर्ता नव्हे, असे स्पष्ट केले. म्हणून संसदेच्या आणि विधानसभांच्या निवडून आलेल्या सभासदांनी त्याला निवडावे असे ठरले. म्हणजे ऑस्ट्रेलियाला १९९८ मध्ये ज्या दोन तटांनी फोडले, ते दोन्ही तट आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वी समोरासमोर बसले आणि एका निर्णयाला आले. २८ एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने आणखी एक गाठ सुटली : प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहता येते. राजाला निरोप देण्यासाठी इंग्लंडशी वैर धरण्याची गरज उरली नाही.

पण यावरून आपण पाठ थोपटून घेऊ नये. आपल्याही घटनेत काही गोष्टी मोघम राहिल्या होत्या. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक आहे काय, ही शंका १९६० साली खुद्द राजेंद्रप्रसादांनी जाहीरपणे उपस्थित केली. तो सल्ला बंधनकारक आहे असे घटनेत स्वच्छ लिहिले गेले ते १९७६ साली. आणि राज्यपालाचे काय? इंग्रजी अमदानीतला गव्हर्नर आपण नव्या नावाने ठेवला. तो निवडलेला नाही, वरून नेमलेला आहे. ३१ जुलै १९५९ रोजी केरळात नंबुद्रीपाद यांचे सरकार बडतर्फ झाले. विधानसभेत त्यांचे बहुमत होते. राजा कुठेही नव्हता. राज्यपालाचा अहवाल होता, दिल्लीची सही होती. कॅनबेराच्या १६ वर्षे आधी आपण तीच गोष्ट प्रजासत्ताकाच्या शिक्क्यानिशी केली होती! बहुमत राज्यपालाच्या दिवाणखान्यात ठरवायचे नसून विधानसभेत मोजायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात ठणकावून सांगितले, तोवर १९९४ साल उजाडले होते. सुंभ जळाला तरी पीळ राहतो, तो असा.

इतर देशांचा इतिहास हेच सांगतो. पाकिस्तान २३ मार्च १९५६ ला प्रजासत्ताक झाले. शेवटचे गव्हर्नर-जनरल इस्कंदर मिर्झा हेच पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. खुर्ची तीच, माणूस तोच. अडीच वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९५८ रोजी, त्यांनी घटनाच रद्द केली आणि त्याच महिन्यात अयुबखानांनी त्यांना घालवले. दक्षिण आफ्रिकेने १९६० साली सार्वमत घेतले, पण मते फक्त गोऱ्यांची. ३१ मे १९६१ ला तिथे प्रजासत्ताक आले आणि त्या देशाच्या बहुसंख्य प्रजेची त्यात सत्ताही नव्हती आणि प्रजा म्हणून गणतीही नव्हती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

चांगली उदाहरणेही आहेत. मॉरिशस, जिथे आपल्या कोकणातून मजुरीला गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही राहतात, तो देश १२ मार्च १९९२ रोजी शांतपणे प्रजासत्ताक झाला. तिथेही शेवटचे गव्हर्नर-जनरल वीरसामी रिंगाडू हेच पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, पण कुणाच्या सत्तेला धक्का लागला नाही. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोसने ३० नोव्हेंबर २०२१ रोजी, स्वातंत्र्याच्या ५५ व्या वाढदिवशी, तेच केले. संसदेच्या दोन-तृतीयांश बहुमताने काम भागले. सार्वमत लागले नाही. त्या समारंभाला तेव्हाचे युवराज चार्ल्स पाहुणे म्हणून हजर होते आणि त्या बेटावरच्या गुलामगिरीच्या कलंकाचा उल्लेख त्यांनी स्वतः केला. ज्या बेटावर उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे राबून मेली, त्या बेटावरच्या माणसाला राजाच्या नावाने शपथ घेताना काय वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

राजसत्तेच्या बाजूनेही न्यायाने बोलले पाहिजे. पक्षांच्या चढाओढीबाहेरचा एक माणूस वर असणे बरे, असे त्या बाजूचे म्हणणे आहे आणि ते टाकाऊ नाही. न्यूझीलंडमधली एक गोष्ट तर विचारात पाडणारी आहे. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वैतांगी येथे माओरी सरदारांनी तह केला तो ब्रिटिश मुकुटाशी. आज जमिनीच्या दाव्यांत ते त्या तहाचा दाखला देतात. मुकुट गेला तर दिलेला शब्द कुणाच्या अंगावर राहणार, असे त्यांच्यापैकी काही जण विचारतात. म्हणजे राजाचा आधार कधी कधी नागवल्या गेलेल्यांनाही वाटतो. प्रजासत्ताक आणणाऱ्यांनी या प्रश्नाला हसून चालणार नाही. नव्या राज्याने जुना शब्द पाळण्याची हमी लेखी दिली पाहिजे.

तर मग उत्तर काय? माझ्या मते वसाहत असलेल्या देशाने राजाला निरोप द्यावा, हेच योग्य. देशातल्या सर्वांत मानाच्या जागेवर त्या देशात जन्मलेले कुठलेही मूल कधीच बसू शकत नाही, अशी व्यवस्था स्वतंत्र देशाला शोभत नाही. पण निरोपाचा क्रम चुकता कामा नये. आधी त्या खुर्चीचे अधिकार स्पष्ट शब्दांत लिहून काढावेत : सरकार केव्हा काढता येते, केव्हा नाही, आणि त्यावर दाद कुठे मागायची. मग त्या अधिकारांना साजेशी निवडणुकीची रीत ठरवावी. अधिकार थोडे असतील तर संसदेने निवडलेला पुरे, पुष्कळ असतील तर तो लोकांनीच निवडला पाहिजे. सर्वांत शेवटी मुकुट उतरवावा. ऑस्ट्रेलियाने हा क्रम उलटा धरला, म्हणून राजा नको असणाऱ्यांनीच राजा राखला.

मुकुट उतरवायला एक दिवस पुरतो. त्याखाली दडलेली 'मर्जी' ओळखून तिला कायद्याच्या दाव्याला बांधणे, हे कित्येक वर्षांचे काम असते. आणि ज्या देशांत राजा नाही, त्या देशांतही ते संपलेले नसते. आपल्या घटनेत मंत्री राष्ट्रपतीची मर्जी असेतोवर अधिकारावर राहतात, आणि राज्यपालही. घटनेची प्रत हाताशी असेल तर ७५ वे आणि १५६ वे कलम काढून पाहा. तो शब्द तिथे अजून आहे. त्याला लगाम आहे तो नंतरच्या दुरुस्तीचा, न्यायालयाच्या निकालांचा आणि जागरूक नागरिकांचा. यांतला शेवटचा लगाम आपल्या हाती आहे.